मुख्य कार्यालयाचा जावई

पानात कारल्याची भाजी वाढली की ती घटना मला आजही आठवते. घास हातातच राहतो आणि बायको म्हणते, "झालं का तुमचं ठाणं सुरू?" निवृत्तीनंतर मी वर्ध्याजवळ नालवाडीत घर बांधलं. सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो, रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्यांवर ओरडतो. सवय जात नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कित्येक आता धड आठवतही नाहीत. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, तरी त्या दिवसांत मी जेवढा घाबरलो तेवढा दंगलीच्या बंदोबस्तातही घाबरलो नव्हतो. नाव कोणाचंच घेणार नाही. ती माणसं अजून त्याच रस्त्यांवरून जातात-येतात.

तेव्हा मी देवळी भागात ठाणेदार होतो. एक दिवस सकाळची हजेरी आटोपून डायरी पाहत बसलो होतो, तेवढ्यात पुण्याहून एका बाईंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या, पण एका दमात बोलत होत्या. त्यांचे यजमान एका कंपनीत मॅनेजर. कंपनीच्या कामासाठी देवळीला आले होते, आणि काल दुपारपासून फोन बंद होता.

"मॅडम, बॅटरी संपली असेल," मी म्हणालो. असे फोन ठाण्याला नेहमीचेच. निम्मे नवरे संध्याकाळपर्यंत आपोआप उगवतात.

"साहेब, ते इन्सुलिनवर आहेत," त्या म्हणाल्या. "लहान वयापासून. गोळ्या खाऊन भागणारी शुगर नाही ती. रोज चार वेळा टोचून घ्यावं लागतं. परत लगेच यायचं म्हणून बरोबर थोडंच नेलंय. ते संपलं तर..." पुढचं त्यांच्याच्यानं बोलवलं नाही. मिळेल त्या गाडीनं निघते, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला.

मी आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "अशा माणसाचं इन्सुलिन तुटलं तर दिवस-दोन दिवसांत उलट्या सुरू होतात, श्वास जोरजोरात चालतो, मग शुद्ध जाते. त्याच्या पुढे आमच्याही हातात फार राहत नाही. लवकर शोधा." समोर चहा आला होता, तो तसाच निवून गेला.

आता त्या कंपनीबद्दल सांगतो. सारा तालुका तिला ओळखायचा. मागास भागात मुख्य कार्यालय आणणाऱ्या कंपन्यांना करात मोठी सवलत होती. त्या सवलतीपायी पुण्याची ही कंपनी आमच्याकडे आली. आली म्हणजे काय, तर एका निवृत्त हेडमास्तरांच्या घराचा वरचा मजला घेतला आणि गच्चीवर पाटी लावली, 'मुख्य कार्यालय'. आमच्या ठाण्याच्या पाटीपेक्षा ती मोठी होती, आणि खरं सांगतो, मला ते खटकलंच होतं. हेडमास्तरांना सगळे गुरुजी म्हणत. कंपनी गावात यावी म्हणून त्यांनी मंत्र्यापासून तलाठ्यापर्यंत उंबरे झिजवले होते. भाडंसुद्धा घेत नव्हते. त्यांची मुलगी आणि जावई पुण्यात नोकरीला होते. ते दोघं इथं काम लागलं म्हणून घरी परत आले. त्यांच्याशिवाय गावातली आणखी चार पोरं त्या ऑफिसात बसायची.

मी पुण्याला कंपनीच्या एका संचालकाला फोन केला. तुमचा मॅनेजर बेपत्ता आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "हो, कळलं. साहेब, त्यांच्याजवळ डिजिटल सहीचं एक यंत्र आहे, पेनड्राइव्हसारखं दिसतं. ते सापडलं का?"

"आधी माणूस शोधतो," मी म्हणालो.

"हो हो, ते तर आहेच."

त्या 'ते तर आहेच'चा मला असा राग आला की फोन आपटावासा वाटला. पण त्याच्याकडूनच कामाची गोष्ट कळली. शेजारच्या राज्यानं आणखी कमी कर घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून मुख्य कार्यालय तिकडे हलवायचं होतं. महिनाअखेर ही शेवटची मुदत. कागदांवर सही करायचा अधिकार या मॅनेजरला होता, आणि तो इथला गाशा गुंडाळायला आला होता. म्हणजे हा माणूस परत गेला नाही तर कोणाचा फायदा होतो, याचं उत्तर माझ्यासमोर होतं. पण उत्तर असणं वेगळं आणि पुरावा असणं वेगळं. शिवाय तो चक्कर येऊन कुठल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पडला असेल, हेही नाकारता येत नव्हतं.

आम्ही शोध सुरू केला. मोबाईलचं शेवटचं ठिकाण देवळीच निघालं. बसस्टँडच्या कॅमेऱ्यात तो दिसला नाही. वर्ध्याहून त्याला घेऊन आलेल्या टॅक्सीवाल्याला आणलं. तो म्हणाला, "मी साहेबायले ऑफिसासमोर सोडलं. संध्याकाळी घ्याले आलो तर वरून एक पोरगा म्हणे, साहेब गेले. मी म्हटलं, माझं भाडं?" भाड्याचं दुःख त्यानं दोनदा सांगितलं. खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या नुकसानाबद्दल इतकं मनापासून रडत नाही, म्हणून त्याला सोडून दिलं. विहिरी पाहिल्या, कालव्याच्या कडेनं माणसं पाठवली, साऱ्या दवाखान्यांना फोटो पाठवले. तालुक्यातल्या मेडिकलवाल्यांना सांगून ठेवलं की अनोळखी कोणी इन्सुलिन मागायला आलं तर आधी आम्हाला कळवा. मोठ्या दुकानांसमोर साध्या कपड्यातला माणूसही उभा केला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या बाई आल्या. काळजीनं माणूस सैरभैर होतो असं म्हणतात, पण या अगदी नीट बसल्या. पर्समधून बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेली इन्सुलिनची डबी काढून म्हणाल्या, "ही फ्रीजमध्ये ठेवाल का? सापडल्याबरोबर द्यावी लागेल." आमच्या ठाण्यात फ्रीज नव्हता. समोरच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमध्ये ती डबी ठेवली. दर तासाला त्या उठून ती आहे ना, ते पाहून येत. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच दुपारी पुलगावहून निरोप आला. रेल्वेलाईनच्या कडेला पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाचं प्रेत मिळालं होतं, अंगावर पांढरा शर्ट. मॅनेजरचं वयही तेवढंच, आणि तोही पांढऱ्या शर्टातच निघाला होता. बाई बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना काहीच सांगितलं नाही, टोपी घेतली आणि "जरा जाऊन येतो" म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "मी येऊ?" मी नको म्हटलं. देव मानणारा माणूस नाही मी फारसा, पण त्या वाटेत हात जोडले. प्रेत दुसऱ्याचं निघालं. आणि ते दुसऱ्याचं आहे म्हणून मला हायसं वाटलं, याचीही मग लाज वाटली. त्याच्याही घरी कोणी वाट पाहत असेलच की.

परत येऊन ऑफिसातल्या पोरांना एकेकटं बोलावलं. प्रत्येकानं सांगितलं, "साहेब चहा पिऊन पायीच स्टँडकडे गेले." शब्दाला शब्द तोच. आता दोन दिवसांपूर्वीची गोष्ट सहा जणांना विचारली तर एक म्हणेल चहा, दुसरा म्हणेल ताक, तिसऱ्याला आठवणारच नाही. सहाही जणांना तोच चहा आठवतो तेव्हा तो चहा कोणीतरी आधी बसून उकळलेला असतो. मी दरडावून पाहिलं, गोडीनं पाहिलं. गुरुजींचा जावई तेवढा घामाघूम झाला, पण बोलला नाही. मारझोड मी कधीच केली नाही आणि इथं तर केलीच नसती. तोंड उघडायच्या ऐवजी हा पोरगा बेशुद्ध पडला असता.

गुरुजी मात्र स्वतःहून आले. धुतलेलं धोतर, वर पांढरा सदरा, अगदी शाळेत तपासणी असावी तसे. समोर बसून म्हणाले, "साहेब, काळजी नका करू. येतीन ते."

"तुम्हाला काय माहीत?"

"माणूस भला हाय. भल्या माणसाचं वाईट नाई होत."

"गुरुजी, कंपनी जाऊन राहिली हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं." त्यांनी एवढंच म्हटलं आणि दाराबाहेर पाहिलं. बाहेर बाकावर त्या बाई होत्या. "ह्या कोण?"

मी सांगितलं. गुरुजी उठले, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि त्यांच्याजवळ गेले. त्या म्हणाल्या, "काका, तुमच्याच घरी ऑफिस आहे ना? ते तुमच्याबद्दल नेहमी सांगायचे. त्यांचं औषध आज संपलं असेल हो." गुरुजींनी पेला त्यांना न देता तसाच बाकावर ठेवला. मग ते तडक निघून गेले. मी एका शिपायाला साध्या कपड्यात त्यांच्या मागं लावलं. गुरुजी सरळ घरी गेले आणि देवघरात जाऊन बसले. घराची झडती घेतली, वरचा मजला, माळा, गोठा सगळं पाहिलं. काही मिळालं नाही.

ती रात्र मी ठाण्यातच काढली. बाईंना आमच्या महिला हवालदारानं आपल्या घरी नेलं.

सकाळी या हवालदारबाई ड्युटीवर आल्या आणि डायरी लिहिणाऱ्या मदतनिसाजवळ बसून तक्रार करू लागल्या. त्यांचं माहेर देवळीपासून थोड्याच अंतरावरचं एक खेडं. आदल्या संध्याकाळी काकूचा फोन आला होता. "काय सांगू बाप्पा, आमच्या काकूच्या कुंपणावरचं कारलं सरून गेलं. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येते अन् तोडून नेते. काकूनं इचारलं, काऊन वं बाई, एवढं कारलं कायले? तर म्हणते, जावई आला धोंड्याले."

मदतनीस हसला. मीसुद्धा आतून हसलो. त्या वर्षी अधिक महिना होता, आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून घरी बोलावतात, ओवाळतात, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालतात. सासू कितीही खाष्ट असो, त्या महिन्यात जावयाच्या पानात तूप ओतायला ती हात आखडत नाही.

"जावयाले कारलं!" मदतनीस म्हणाला. "असा जावई मले भेटला असता तर स्वस्तात सुटलो असतो."

"हसू नको. अन् पोरगी संग आलीच नाई म्हणे. एकटाच आला. काकू पाहाले गेली तर दारातूनच वापस केलं, जावयाची तब्येत बरी नाई म्हणे."

मी खुर्चीवरून उठलो. लेकीशिवाय धोंड्याला आलेला जावई, गावाला न दाखवलेला जावई, आणि दोन्ही वेळा कारलं. आमच्याकडे घरोघरी एक समजूत आहे की कारल्यानं साखर उतरते.

"कोणाचं घर ते?" मी विचारलं.

हवालदारबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचाही चेहरा उतरला. "साहेब... ते गुरुजीच्या साळ्याचं घर होय."

कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रीजमधून डबी घेतली, मॅनेजरच्या बाईंना गाडीत बसवलं, दवाखान्यातल्या डॉक्टरांना उचलूनच नेलं म्हटलं तरी चालेल. वाटेत डॉक्टर घड्याळ पाहत होते आणि मी रस्ता पाहत होतो. दोन्ही बाजूंना सोयाबीन, मध्ये चिखल, आणि एका ठिकाणी म्हशींचा कळप आडवा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तर त्या आणखी रेंगाळल्या. मी उतरून स्वतः हाकलल्या. बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.

साळ्याच्या, म्हणजे मेव्हण्याच्या, घराच्या ओसरीवर त्याची बायको तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून सूप खाली पडलं. ती पळाली नाही की ओरडली नाही. उलट धावत येऊन माझा हात धरला. "साहेब, आले का बाप्पा! लवकर पाहा, सकाळपासून नीट बोलून नाई राह्यले."

मधल्या खोलीला बाहेरून कडी होती. आत नवी गादी, नवी चादर, कूलर चालू. उशाशी तांब्या-भांडं, ज्वारीची भाकरी आणि कारल्याची भाजी झाकून ठेवलेली. मॅनेजर पडला होता. श्वास असा चालत होता, जणू कुठून पळत आलाय. ओठ कोरडे, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. डॉक्टर त्या वासावरूनच म्हणाले, "इन्सुलिन तुटल्याचंच हे." त्यांनी इन्सुलिन दिलं, सलाईन लावलं आणि त्याला गाडीत घातलं. बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन एकच सांगत होत्या, "मी आलेय. डोळे उघडे ठेवा." साळ्याची बायको पायताण न घालता गाडीमागं फाट्यापर्यंत पळत आली. आरोपी आमच्या गाडीमागं पळतोय, असं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याची शुद्ध गेली होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तपास संपला होता आणि माझं काम तिथं काही नव्हतं, पण उठवेना. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "आणखी अर्धा दिवस गेला असता तर तुम्ही पंचनामा केला असता." तो वाचला. बाई तेव्हा पहिल्यांदा रडल्या.

त्यानंतर गुरुजींना, त्यांच्या जावयाला आणि साळ्याला अटक केली. गुरुजींनी खिशातून ते सहीचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. माझ्यासमोर बसून 'येतीन ते' म्हणत होते, तेव्हाही ते त्यांच्या खिशातच होतं. जबाब देताना त्यांनी काही लपवलं नाही. निरोपाचं जेवण म्हणून मॅनेजरला साळ्याच्या गावी नेलं. फोन चार्जिंगला लावतो म्हणून देवळीतच मागून घेतला आणि बंद केला. महिना संपेपर्यंत ठेवायचं, मुदत गेली की हातापाया पडून सोडायचं, असा बेत. शेजारपाजारी विचारतील तर काय सांगायचं? धोंड्याचा महिना होता. घरात परका पुरुष दिसला तर जावई म्हणून कोणीही मान डोलावेल.

"अन् त्यायचं औषध?" मी विचारलं. रागानं माझीही भाषा सुटली होती.

"पहिल्या दिवशी त्यायनं सांगितलं नाई. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर जावयाले मेडिकलवर धाडलं. तिथं तुमचा माणूस उभा. तो तसाच वापस आला. मग साळ्याची बायको म्हणे, माझ्या बापाची साखर कारल्यानं उतरली होती. गोड काही देल्लं नाई, भात देल्ला नाई. ते म्हणत होते, बरं वाटते."

"गुरुजी, तुम्ही मुलांना विज्ञान शिकवलं ना?"

"भूगोल," ते म्हणाले, आणि मान खाली घातली.

मी विचारलं, एका कंपनीपायी हे कशाला? तेव्हा ते पहिल्यांदा तावात आले. "कंपनीपायी नाई साहेब. मी पस्तीस वर्षं पोरायले शिकवून शिकवून गावाबाहेर धाडलं. हुशार पोरगं निघालं की गेलं पुण्याले. माझी पोरगीही गेली. मले वाटलं, मुख्य कार्यालय आलं म्हणजे मालक येईन, मालकाची पोरं आपल्या शाळेत बसतीन, मंग मास्तर मिळतीन, रस्ता होईन. मालक एक डाव नाई आला. पण पोरगी आली साहेब. नातू माझ्या अंगणात चालाले शिकला. ते ऑफिस गेलं असतं तर हे बिऱ्हाड उठलंच असतं ना?" ऐकता ऐकता लेखनिकानं लिहायचं थांबवलं. मी त्याला खुणेनं लिही म्हटलं.

मॅनेजर बसण्याजोगा झाला तेव्हा त्याचा जबाब घ्यायला गेलो. तो सगळं खरं सांगत होता, गुरुजींना वाचवायला नाही आणि बुडवायलाही नाही. जबाब झाल्यावर मी सहज विचारलं, कर कमी केला की कंपन्या येतात का हो खरंच?

"येतात की," तो म्हणाला. "लगेच येतात. पण येतं काय, ते बघा. एक पाटी येते, दोन टेबलं येतात आणि माझ्यासारखा एक माणूस बॅग घेऊन ये-जा करतो. हे मुख्य कार्यालय मी तिसऱ्यांदा हलवत होतो. ट्रकसुद्धा लागत नाही. मालकांचं घर कराकडे बघून हलत नाही साहेब. ते मुलांची शाळा बघतात, दवाखाना बघतात, आपली ओळखीपाळखीची माणसं बघतात." मग थोडा थांबून बायकोला म्हणाला, "ऑफिसातून कोणी फोन केला होता का गं? मुदतीचं काय झालं?"

बाई माझ्याकडे पाहू लागल्या. त्यांना सांगवत नव्हतं, म्हणून मी सांगितलं. तो नाहीसा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी संचालकांनी बैठक घेतली होती, सहीचा अधिकार दुसऱ्या एकाला दिला होता आणि कागद रवाना झाले होते. त्याची बायको पुण्याहून गाडीत बसली त्याच्या आधीच. मुख्य कार्यालय हललेलं होतं, आणि हा माणूस तेव्हा कडी लावलेल्या खोलीत आपल्या सहीची काळजी करत होता. तो म्हणाला, "इतकी वर्षं झाली मला तिथं." एवढंच बोलून त्यानं कूस बदलली. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. सराईत गुन्हेगाराची मला कधी फारशी भीती वाटली नाही. त्याला आपण गुन्हा करतोय हे माहीत असतं, म्हणून कुठं थांबायचं तेही माहीत असतं. भल्या माणसांनी गुन्हा केला तर मात्र छातीत धडकी भरते. ती नवी गादी टाकतील, कूलर लावतील, पथ्याचं रांधतील, आणि माणूस डोळ्यांदेखत मरत असताना त्यांना वाटत राहील की आपण त्याची काळजीच घेतोय. दुसरी गोष्ट कायद्याच्या पुस्तकातली नाही. जे फक्त सवलतीसाठी येतं, त्याच्या भरवशावर लेकीला घरी बोलावू नये. ते अडवून थांबत नाही, आणि आपण कोणाला अडवलं हेसुद्धा त्याच्या गावी नसतं.

दोषारोपपत्र मीच दाखल केलं. पुढचा विषय न्यायालयाचा, त्यावर बोलणार नाही. गुरुजींची मुलगी नवऱ्याला जामीन मिळाल्यावर मुलाला घेऊन पुण्याला गेली.

गुरुजींना न्यायालयात हजर करायचं होतं त्या सकाळी मी त्यांना माझ्या खोलीत बोलावलं. त्यांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं, म्हणून कागद आधीच गेले होते ते सांगितलं. म्हणजे त्यांनी केलं त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. मला वाटलं ते रडतील, किंवा कंपनीला शिव्या देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, कोणत्या गावी गेलं ते?"

मी शेजारच्या राज्यातल्या त्या तालुक्याचं नाव सांगितलं.

"तिथंही ठाणं असंनच ना?"

"आहे की."

"मंग तिथल्या ठाणेदारायले एक फोन करा ना तुमी," ते म्हणाले. "तिथं आता कोणीतरी आपल्या घराचा वरचा मजला झाडून ठेवत असन. मास्तरच असन बहुतेक. त्याले म्हणा, पोरीले बोलावू नको."

मी टेबलावरचा फोन जवळ ओढला. हातात घेतलाही. पण समोरच्या ठाणेदाराला काय सांगायचं, कोणत्या गुन्ह्याची खबर द्यायची, ते मला सुचेना. बाहेर गाडी लागल्याची वर्दी घेऊन शिपाई आला. गुरुजी उठले, आणि जाताना माझ्या हातातल्या फोनकडे पाहत राहिले.